बाबांचा चौदा सेकंदांचा सिनेमा

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला सिनेमा कोणता, असं कोणी विचारलं की मी खोटं बोलतो. बुलढाण्याच्या आमच्या शाळेत मला सिनेमावाले सर म्हणतात. घरी लोखंडी पेटीभर सीडीच्या तबकड्या आहेत, त्यांची वही आहे, वहीत कोणता कितीदा पाहिला याच्या खुणा आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून दोनचारदा हमखास येतो. मग मी एखाद्या जुन्या, काळ्यापांढऱ्या, वजनदार सिनेमाचं नाव सांगतो. विचारणारा मान डोलावतो आणि चहा पिऊन जातो.

खरं उत्तर वेगळं आहे. त्या सिनेमाला नावच नाही, आणि वहीतही तो नाही.

दसरा उलटला की मोताळ्याकडून येणाऱ्या एसटीनं आई पिशवीभर कापूस पाठवते. वातींसाठी, उशीसाठी, आणि कशासाठीच नाही म्हणूनही. यंदाची पिशवी गेल्या आठवड्यात आली. बायकोनं ती उघडली आणि खोलीभर तो वास पसरला, उन्हाचा, सुक्या पाल्याचा आणि थोडा औषधाचा. माझ्या कोपरांना लगेच खाज सुटली. पिशवी मी हातातही घेतली नव्हती. शरीराला आठवणी वेगळ्या असतात की काय कोण जाणे. मला जे नीट आठवत नाही ते माझ्या कोपरांना आठवतं.

आमच्याकडे त्या काळात कापूस घरातच भरत. बीटीचं बियाणं नवंनवं आलेलं. वेचणी सुरू झाली की बैठकीच्या खोलीतून आधी खाट बाहेर जायची, मग खुर्च्या, मग पाहुणे. दिवाळीपर्यंत ढीग खिडकीच्या गजांना लागायचा. भाव वाढेल म्हणून बाबा थांबायचे आणि आम्ही कापसावर राहायचो. टीव्ही तेवढा कोनाड्यात उंचावर, त्याच्याखाली सीडी प्लेअर. दुपारी लाईन असली की आई, मी आणि गल्लीतल्या चारसहा बाया ढिगावर पाय रुतवून सिनेमा पाहत बसायचो. थिएटरातल्या कुठल्याही खुर्चीनं मला पुढं तेवढं सुख दिलं नाही. फक्त रडायच्या प्रसंगाला सगळेजण खाजवत असायचे.

माझा संग्रह तिथूनच सुरू झाला. लहानपणी ताटातूट झालेल्या भावांचे सिनेमे आठ होते, नागिणीचे तीन. कोर्टाचा एक फार आवडायचा, पण त्याच्या दुसऱ्या तबकडीच्या जागी दुकानदारानं भुताच्या सिनेमाचा उत्तरार्ध घालून दिला होता. त्यामुळे आमच्या घरी त्या खटल्याचा निकाल कधीच लागला नाही. वकील उलटतपासणीला उभा राहायचा आणि पुढच्या तबकडीत हवेलीचं दार करकरत उघडायचं. आईला ते चालायचं. ती म्हणायची, "कोर्टाचं असंच राह्यते. आत जाते एक, बाहीर निंगते दुसरंच."

तबकडी अडकली की मी ढिगातला कापूस तोडून ती पुसायचो. कापूस मऊ असतो हे मला ठाऊक होतं, पण त्यात बोंडाच्या टरफलाची कपची असते हे लक्षात यायचं नाही. पेटीतल्या निम्म्या तबकड्यांवर माझ्या प्रेमाचे ओरखडे आहेत.

आता त्या सिनेमाकडे येतो.

ज्या वर्षाबद्दल मी बोलतोय त्या वर्षी आमचं रस्त्याकडचं वावर असं काही फुललं होतं की एसटीतले लोक माना वळवून पाहायचे. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसांनीही पाहिलं. त्यांना प्रचाराची फिल्म करायची होती. सीतादहीच्या दिवशी ते कॅमेरा घेऊन आले. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी बाया वावरात दहीभात शिंपडतात, झाडाची पूजा करतात आणि मगच बोंडाला हात लावतात, ती सीतादही. साहेबांना ते फार आवडलं म्हणे. त्यांनी आईकडून तीनदा दहीभात शिंपडून घेतला. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "आता जेवाले काय उरलं?"

मी तिथे नव्हतो. बुलढाण्याला कॉलेजात होतो आणि परीक्षा होती. सिनेमासाठी जीव टाकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या वावरात शूटिंग होतं आणि तो त्याच वेळी दुसऱ्या गावी अर्थशास्त्राचा पेपर लिहितो, याला काय म्हणावं? पेपरही चांगला गेला नाही.

महिनाभरानं तबकडी आली. सोबत बाबांना एक टोपी आणि एक भिंतीवरचं घड्याळ. आम्ही सगळे ढिगावर चढून बसलो. बावीस मिनिटांची फिल्म. ट्रॅक्टर, गाणं, एक हसणारी बाई, मग आमचं वावर, मग बाबा. इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस, हात एका बोंडाला लावलेला. बाबांचं तोंड उघडलं आणि आतून भलत्याच माणसाचा आवाज आला. गुळगुळीत, सदाशिव पेठेतून अंघोळ करून आल्यासारखा. "मी एकही फवारणी केली नाही, आणि तरीही माझ्या कपाशीत अळीचं नाव नाही."

चौदा सेकंद. नंतर पुन्हा ट्रॅक्टर.

गल्लीतल्या बाया पोट धरून हसल्या. आई म्हणाली, "हे कोन बोलून राह्यलं तुमच्या तोंडातून?" बाबा पण हसले, पण जरा उशिरा. आमची बोली त्या लोकांना गावंढळ वाटली असणार, म्हणून त्यांनी शहरातला आवाज चढवला, एवढं मला कळलं. सिनेमावाला असल्यामुळे मी सगळ्यांना डबिंग म्हणजे काय ते समजावूनही सांगितलं. तोंड एकाचं आणि बोल दुसऱ्याचे, मोठ्या मोठ्या नट्यांचंही असंच असतं, वगैरे. काय बोललं गेलं याकडे माझं लक्षच नव्हतं. खरं तर आम्ही त्या वर्षी तीन फवारण्या केल्या होत्या. सुट्टीत पंपासाठी विहिरीवरून पाणी मीच वाहून आणलं होतं.

बाबांना एकच बहीण, धाकटी, गिरजा आत्या. ती दिलेली साखरखेर्ड्याला. जिल्हा तोच, पण दुसरं टोक. तिकडची बोली मराठवाड्याकडे झुकलेली, त्यामुळे लग्नानंतर काही वर्षांत आत्याच्या 'मले'चं 'मला' झालं. बाबा तिला चिडवायचे, "आली मोठी मला-तुला करनारी." आत्या लटकं रागवायची आणि बाबांच्या ताटातली भाकर उचलून खायची. दर भाऊबीजेला यायची. कापसाचा ढीग असला तर ढिगासमोर, नसला तर ओसरीत पाट मांडायची आणि ओवाळायची. बाबा तिच्यासमोर जितके हसत तितके इतर कोणासमोर हसलेले मला आठवत नाहीत.

पुढच्या पेरणीच्या आधी कंपनीची जीप साखरखेर्ड्याच्या बाजारात उभी राहिली. मागे पडदा. आत्या मिरच्या घ्यायला गेली होती, तिनं पडद्यावर भाऊ पाहिला.

इथे तिच्याकडून जी चूक झाली ती आमच्याकडच्या माणसाकडूनच होऊ शकते. आवाज भावाचा नाही हे तिला कळलं. बहीणच ती, कळणारच. पण तिला वाटलं, भाऊ सुधारला. मी सासरी येऊन मला-तुला करायला लागले, तसा भाऊही साहेबलोकांत बसून त्यांच्यासारखं बोलायला लागला असेल. तिनं बाजारात शेजारणींना सांगितलंही, "माझा भाऊ हाय त्यो. बघा कसा शुद्ध बोलतोय."

त्याच संध्याकाळी आमच्या शेजारच्यांकडे तिचा फोन आला. बाबा घरी नव्हते, मी धावत गेलो. तिकडे एसटीडीवाल्याच्या दुकानात गलका होता. आत्या ओरडून विचारत होती, "रवी, त्यो भाऊच हाय ना रे सिनेमात?"

मी म्हणालो, "हाव आत्या, बाबाच हायेत."

एवढंच बोलणं झालं. तिनं फवारणीचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, हे खरं. की आलं होतं, आणि बाप सिनेमात दिसतोय या आनंदात मी ते बाजूला सारलं? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात.

आत्यानं तेच बियाणं टोबलं आणि पंपाला हात लावला नाही. तिच्या मालकांनी दोनदा म्हटलं, की पानं वाकडी दिसतायत, फवारणीचा एक हात मारून घेऊ. ती म्हणाली, भाऊ खोटं बोलायचा नाही. आधी तुडतुडे आले, मग पानं लाल पडली, मग जी काही बोंडं धरली त्यांत अळी निघाली. त्या साली पाऊसही मधेच दडी मारून बसला होता. फवारलेल्यांचंही फार काही राहिलं नाही, आमचंही निम्मं गेलं. तेव्हा आत्यानं फवारलं असतं तरी वाचलं असतं का, हे कोणी सांगावं? मी तिच्या भागातल्या कितीतरी जणांना पुढे विचारलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं, आणि प्रत्येकजण खात्रीनं बोलत होता.

आत्याचे मालक त्या हिवाळ्यात जालन्याकडे कामाला गेले. आणि आत्या भाऊबीजेला आली नाही. काही बोलली नाही, निरोप नाही, भांडण नाही. बाबांनी अंघोळ करून नवा सदरा घातला, ओसरीत बसले, दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गेली. मग उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. पुढच्या वर्षीही तेच. लग्नाकार्यात दोघं भेटायची, तब्येत विचारायची, पाऊसपाणी बोलायची. भाऊबीज मात्र सुटली ती सुटलीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणी?

एकदा मात्र मी बाबांना विचारलं. तुम्ही तेव्हा खरंच काय बोलला होता? कपाशीच्या पऱ्हाटीतून चालता चालता ते म्हणाले, "म्या खरं तेच सांगतलं. तीन फवारे म्हटलं. त्यायनं बदललं." मला हायसं वाटलं. दोनतीन वर्षांनी विषय निघाला तर म्हणाले, "साहेब म्हने, नुसतं तोंड हालवा, आवाज आमी टाकू. म्या पाढे म्हटले, बे एके बे." आणि एकदा, तापात होते तेव्हा, मी न विचारताच म्हणाले, "त्यायनं जसं म्हना म्हटलं तसं म्या म्हटलं रे. कॅमेरा पाह्यला का मानूस येडं होते."

तीन वेळा तीन उत्तरं. आईला विचारावं तर ती म्हणते, "मी तथी दहीभात शिपून राह्यली होती, मले काय आयकू येते?"

म्हणून मी ती तबकडी पाहायला लागलो. आवाज बंद करून. फक्त तोंड. आधी 'तीन' या शब्दाला ओठ कसे होतात ते आरशात पाहायचो, मग बाबांचे पाहायचो. मग 'बे एके बे' म्हणून पाहायचो, 'ब'ला ओठ मिटले पाहिजेत. मग ते तिसरं, 'एकही'. अगदी बरोबर मधल्या शब्दाला तबकडी अडकते. माझाच ओरखडा. चित्राच्या चौकटी चौकटी होतात, बाबांचं तोंड अर्धं उघडं राहतं, आणि रिमोटनं पुढे ढकलेपर्यंत ते तसंच राहतं. ज्या जागी मला काहीतरी कळलं असतं नेमकी ती जागा मीच कापसानं पुसून ठेवली आहे. पण ती चांगली असती तरी कळलं असतं का, याचीही आता मला खात्री नाही. तीच गोष्ट शंभरदा पाहिली की ती जास्त कळते असं सिनेमावाले सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझे बाबा होते. आता कधीकधी ते मला ओळखीचा चेहरा असलेले, नाव न आठवणारे नट वाटतात.

यंदा कापसाची पिशवी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्या आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा आधी काढायचा होता. बुलढाण्याला डॉक्टर बरे आणि माझं घर दवाखान्याजवळ. तिला सोबत म्हणून आई आणि बाबाही गावाहून आले. खूप वर्षांनी ती दोघं एका छताखाली राहत होती. चहा घेताना एकमेकांकडे न पाहता एकमेकांना साखर पुरे का विचारत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, आत्या भिंतीला टेकून बसली होती. अचानक म्हणाली, "रवी, भाऊचा त्यो सिनेमा हाय का रे तुझ्याकडं?"

आई वाती वळत होती, तिचे हात थांबले. मी म्हणालो, आहे.

"लाव. उद्या डोळ्याचं काय व्हतं काय नाही. आज जेवढं दिसतंय तेवढ्यात मला एकदा बघू दे."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. नाही म्हणाले नाहीत. पेटीतून तबकडी काढली, जुना प्लेअर टीव्हीला जोडला. सवयीनं आवाज बंद केला. मी ती नेहमी तशीच पाहतो, हात आपोआप गेला. चालू करावा का असं मनात आलं, तोवर ट्रॅक्टर आला. हसणारी बाई आली. आई दहीभात शिंपडताना दिसली, तिशीतली, पदर खोचलेली, आणि वाती वळणारी आई स्वतःला पाहून हळूच म्हणाली, "किती बारीक होती मी."

मग बाबा आले. हात बोंडाला, तोंड उघडलं, आणि चित्र अडकलं.

इथं मी रिमोट दाबतो. दोनदा दाबला की पुढे जातं. बोट बटनावर होतं. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले बाबा बोलायला लागले. पडद्याकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, वावरात उभं राहून दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला सांगतात तसं.

"बियानं बरं हाय, साहेब. पन तीन फवारे मारले म्या. पह्यला पोळ्याच्या आंधी. दुसरा महालक्ष्म्या झाल्यावर. तिसरा दसऱ्याच्या तोंडावर. फवारल्याबिगर कोनी राहू नोका. माही बहीन हाय साखरखेर्ड्याले, तिले बी मी हेच सांगन."

चौदा सेकंदांत एवढं मावत नाही. शिवाय ओठांचं मला माहीत आहे, इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलोय. यातला एकही शब्द त्या अर्ध्या उघड्या तोंडात बसत नव्हता. आणि बहिणीचं नाव बाबांनी तेव्हा कशाला घेतलं असेल? पण बाबा बोलत होते तोवर मी बटन दाबलं नाही. पडद्यावरचे बाबा तोंड उघडं ठेवून खिडकीतल्या बाबांसाठी थांबून राहिले.

बाबांचं बोलणं संपलं.

"जुळलं," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. टीव्ही तिच्या डावीकडे होता आणि ती उजवीकडे, खिडकीकडे तोंड करून बसली होती. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. मलाही काही सांगायचं होतं. तो फोन, ते 'हाव'. पण माझ्यासाठी कुणी चित्र अडकवून धरलं नव्हतं.

"पुढं कर आता," ती म्हणाली. मी दोनदा दाबलं. ट्रॅक्टर आला.

मग तिनं पदरानं दोन्ही डोळे पुसले, डॉक्टरनं चोळू नका म्हटलेले, आणि बाबांना माहेरच्या बोलीत म्हणाली, "भाऊबीजेले येतो मी. पाट मांडून ठिव."

बाबांनी मान हलवली. बोलायचं होतं तेवढं त्यांचं बोलून झालं असावं.

"आन् रवी, तवा हे लावजो नोको. दुसरं एखादं चांगलं लाव."

"कोणतं लावू?" मी विचारलं. माझ्याकडे पेटीभर आहेत.

"कोनतं बी लाव," आत्या म्हणाली. "भाऊ नसला त्याच्यात तरी चालते. भाऊ तं इथंच बसला राहीन ना."